मागून हाक

माझ्या एका बालकादंबरीवर सिनेमा निघाला, त्याचं कौतुक माझ्यापेक्षा गावालाच जास्त झालं. यवतमाळात भाजी घ्यायला निघाले तरी कोणी तरी अडवायचं, "मॅडम, हिरो कोन आहे?" हिरो नव्हताच. दोन पोरी होत्या अन् कापूस होता.

गोष्ट अशी. नऊ वर्षांची एक मुलगी जिनिंगमधल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कापसाच्या गंजीत शिरते, अन् खाली एक पांढरा देश निघतो. तिथं ऊन नाही, सावली नाही, पावलांचा आवाज नाही. धाकटी बहीण तिच्यामागे उतरते. मोठी तिला सापडतेही, पण त्या देशाचा कायदा असा, की मागून कोणी हाक मारली तरी वळायचं नाही. धाकटी हाका मारते, मोठी चालत जाते. संपली गोष्ट. पोरांना ती भयंकर आवडली. त्यांच्या आया मात्र मला गाठून विचारायच्या, असा काहून शेवट केला मॅडम? मी म्हणायची, शेवट तसाच आहे. त्यापुढे कोणी खोदून विचारलं तर मला रागच यायचा.

खरं म्हणजे ती मोठी माझी ताई होती. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते, कापसाच्या गाड्या मोजायचे. ताई दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची. एक दिवस डबा देऊन परत निघाली अन् गंजीवर चढली. सगळीच पोरं चढायची. त्या दिवशी गंजी ढासळली. मी सहा वर्षांची होते, मला कोणी धड काही सांगितलं नाही. "कापसात गेली" एवढंच कानावर पडलं, अन् मोठेपणी त्यातूनच तो देश निघाला. घरात ताईचा फोटो नव्हता, तिचा विषयही नव्हता. आम्ही यवतमाळला आलो, पुढे बाबा गेले, आणि मायनं दिग्रसच्या रस्त्याला पुन्हा पाय लावला नाही. माझी कादंबरी तिनं उघडूनही पाहिली नाही. चष्म्याचं निमित्त सांगायची. पेपर मात्र श्रद्धांजलीच्या पानापर्यंत वाचून काढायची.

दिग्दर्शक पुण्याचा. वयानं माझ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांएवढा, बोलायला गोड अन् आतून पक्का हट्टी. ताईच्या कामासाठी त्यानं यवतमाळच्याच शाळेतली एक पोट्टी निवडली, ते मला आवडलं. पण मग म्हणाला, "मॅडम, पुस्तकात ती वळली नाही तर चालतं. पडद्यावर लोक दोन तास तिची वाट बघणार. धाकटीनं हाक मारली, ही थांबली, मान वळवली, बस. एकदा वळू दे ना." माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. कायदाच मोडला तर तो देश कशाला राहिला? मी फोनवर तावातावानं भांडायची, अन् तो दर वेळी शांतपणे म्हणायचा, "बघू या." बघू या म्हणणाऱ्या माणसाशी कोणी कसं भांडावं?

असंच एकदा भांडून फोन ठेवला. माय शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या सिनेमात तिले मागून हाक मारून राह्यले का?"

मी गारच पडले. तिनं पुस्तक वाचलेलं नव्हतं. फोनवर मी काय बोलले ते तिनं ऐकलं असणार, हे खरं. पण तिनं "पोरीले" म्हटलं नाही, "तिले" म्हटलं. मी हो म्हणाले. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मले घेऊन चाल तिथे."

त्या शॉटच्या दिवशी आम्ही गाडी करून दिग्रसला निघालो. दारव्हा मागे पडल्यावर माय खिडकीबाहेर पाहतच बोलायला लागली.

"त्या दिवशी ती दारातून निघालती. डब्यात लोनचं द्याचं राह्यलं होतं, म्हणून म्या मागून हाक मारली. जानाऱ्याले मागून हाक मारू नये, मले काय माहीत नव्हतं? माह्या मायनं शिकवलं होतं, सासूनं शिकवलं होतं. तरी मारली. ती वळली, हासली, लोनचं घेऊन गेली. मंग आलीच नाही."

"लोणच्यानं कोणी मरते का माय?" मी चिडूनच म्हटलं.

"लोनच्यानं नाही. हाकेनं."

मी कॉलेजला निघताना पर्स विसरले, की माय पर्स घेऊन अनवाणी कोपऱ्यापर्यंत माझ्यामागे धावत यायची, पण आवाज द्यायची नाही. मी तिच्यावर ओरडायची, तोंड शिवलं आहे का तुझं? तिला खरंच वाटत होतं, की तिच्या तोंडानं पोरगी मारली. एवढी वर्षं ती हे एकटी घेऊन बसली होती. मला तिची कीव आली, अन् थोडी भीतीही वाटली. मागून हाक आली तरी वळायचं नाही, हा कायदा माझ्या पुस्तकात आला कुठून? त्या दिवशी मीही घरात होते. बहुतेक ऐकलं असेल. मला तरी आठवत नाही.

शूटिंगची जिनिंग बाबांची नव्हती. दुसरीच होती, बंद पडलेली. तिच्या शेडमध्ये सिनेमावाल्यांनी कापूस आणून दोन उंच गंज्या रचल्या होत्या, मधून एक वाट. भरदुपारची वेळ. बाहेर पत्रे तापून कडकडत होते, पण आत पाऊल टाकलं की सगळं एकदम बंद. ध्वनिमुद्रण करणारा मला म्हणाला, "इथं टाळी वाजवली ना मॅडम, तरी जागच्या जागी मरते. कापूस आवाज खाऊन टाकतो." त्यानं वाजवून दाखवली. खरंच, आवाज त्याच्या हातातून बाहेरच आला नाही.

पोट्टी पिवळा फ्रॉक घालून वाटेच्या तोंडाशी उभी होती. ताईसारखी दिसत होती का? काय सांगू बाप्पा, मला ताईचा चेहराच आठवत नाही. मायनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती सरळ दिग्दर्शकासमोर गेली अन् हात जोडले. "बापू, तिले मागून हाक नको मारू. जाऊ दे तशीच."

तो बिचारा गडबडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मग तो म्हणाला, "आजी म्हणतात तर एक शॉट तसा घेऊ." धाकटीचं काम करणाऱ्या मुलीला त्यानं बाहेर बसवलं. पोट्टीला सांगितलं, "शेवटपर्यंत चालत जायचं. वळायचं नाही. कोणी बोलणार नाही."

माय माझ्याशेजारी खुर्चीवर बसली. पदराचा बोळा करून तिनं तोंडात धरला अन् दुसऱ्या हातानं माझा हात पकडला. शेडमध्ये कोणी हू की चू केलं नाही. पोट्टी निघाली. दोन्ही बाजूंना पांढरं, वर पांढरं, मधून तो पिवळा फ्रॉक लहान लहान होत गेला. आता ती पलीकडे निघणार, तेवढ्यात थांबली. मान वळवली, मग सगळीच वळली अन् आमच्याकडे पाहू लागली. घाबरलेली नव्हती. घरातून कोणी काही तरी विचारलं अन् काय म्हणून पाहावं, तशी पाहत होती.

"कट," दिग्दर्शक म्हणाला अन् तिच्याकडे निघाला.

मायनं तोंडातून पदर काढला. "म्या नाही मारली," ती म्हणाली. "पाह्यलं ना तू? माह्या तोंडात पदर होता. म्या नाही मारली हाक, तरी वळली." माझा हात ती हलवून हलवून सांगत होती. "आपल्या मनानंच वळली वं. लेकराले वळाचं असलं तं वळतेच ते, कोनी हाक मारो का नको मारो. मंग तवाबी..." ती मोठ्यानं रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरलं नाही.

तिला पाणी दिलं अन् मी वाटेनं आत गेले. दिग्दर्शक पोट्टीला समजावत होता. "वळायचं नाही म्हटलं होतं ना?"

"मले कोनी तरी हाक मारली," पोट्टी म्हणाली. "मंग वळली मी."

"कोणीच मारली नाही."

"मारली. पन माह्या नावानं नाही मारली."

मी तिच्यासमोर खाली बसले अन् विचारलं, कोणत्या नावानं? तिनं सांगितलं. ते नाव पुस्तकात नाही, पटकथेत नाही, ताईच्या शाळेच्या दाखल्यातही नव्हतं. ते बाबांनी लाडानं ठेवलेलं, फक्त घरात चालायचं, अन् ताई गेल्यापासून आमच्या घरात कोणी ते तोंडातून काढलेलं नव्हतं. मी उठून वाटेनं परत आले. ध्वनिमुद्रणवाल्याला मी तो तुकडा परत वाजवायला लावला अन् हेडफोन कानाला लावला. त्यात पोट्टीच्या पावलांशिवाय काही नव्हतं.

गाडीत बसल्यावर मायनं विचारलं, "काय म्हणत होती पोट्टी?"

"काही नाही. तहान लागली होती म्हणे."

"म्हणजे आपल्या मनानंच वळली."

"हाव माय."

तिनं मान टेकवली. दारव्हा यायच्या आत ती बोलायला लागली. ताई गुळाची भेली कशी पळवायची, आंघोळीला किती छळायची, मला कडेवर घेऊन कशी पडायची, हे सगळं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. बोलता बोलता मायनं तिचं घरातलं नाव घेतलं, अगदी सहज, ती मागच्या सीटवर बसली आहे असं. मी ते त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकत होते.