मागून हाक मारायची नाही

श्रीधरपंतांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. लढाईचे दिवस होते. गिरीजला आमच्या वाडीत मी वांग्यांना पाणी लावत होते आणि बूट घातलेले चार पुरुष वाफ्यांतून सरळ चालत आले. मी फावडं घेऊन आडवी झाले आणि विचारलं, डोळे स्टेशनावर ठेवून आलात काय. तिघे हसले. चौथे हसले नाहीत. त्यांनी वाकून बूट काढले, हातात घेतले, आल्या वाटेने मागे गेले आणि बांधावरून फिरून पुन्हा आले. मग म्हणाले, "हं वहिनी, आता बोला." ते श्रीधरपंत. सिनेमे काढतात हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या वाडीत त्यांनी पायात काही घातलेलं मी पाहिलेलं नाही, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या मोठमोठ्या नटनट्यांनाही त्यांनी घालू दिलेलं नाही.

पंतांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. समितीची मंडळी घरी आली तेव्हा म्हणाली, बाई, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, दुसरीपर्यंत शिकले आहे, वेळ लागेल, पण लिहीन मीच. मग जाता जाता त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, चांगलं तेवढं लिहा, त्या पाठीच्या वादात मात्र पडू नका. आता माझा आणि सिनेमाचा संबंध आला तोच मुळी त्या पाठीमुळे. त्यात पडायचं नाही तर मी काय वांग्यांवर लिहू?

ज्यांनी पंतांचे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. त्यांच्या प्रत्येक चित्रपटात शेवटाकडे कुणीतरी घर सोडून जातं. कॅमेरा ओट्यावर ठेवलेला असतो, तिथे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका खाली. समोर केळींमधली पायवाट. जाणाऱ्याची पाठ आपल्याकडे. पानांतून पडलेलं ऊन त्या पाठीवरून सरकत राहतं आणि माणूस लहान लहान होत जातं. वळून बघत नाही. गाणं नाही, वाजवणं नाही. जाणारं बाईमाणूस असेल तर ती पाठ बहुतेक वेळा माझी असते. तोंड नटीचं, पाठ माझी. यावरून गावात माझी कमी थट्टा झालेली नाही. आमच्या घरचे धरून सगळे विचारतात, तोंडात एवढं काय वाईट आहे हिच्या?

ही पाठ आली कुठून, यावर लोक काहीही लिहितात. एकांनी लिहिलं की पंतांनी ती परदेशी चित्रपटांतून उचलली. ती आमच्या सासूबाईंकडून आली.

पंतांचा आमच्या वाडीतला तो पहिला चित्रपट. मुलगी घर सोडून निघते, आई हाक मारते, मुलगी वळून बघते, असं ठरलेलं. मुंबईची नटी ओल्या पायवाटेवर अनवाणी चालायला गेली आणि पाय मुरगळून बसली. उंची सारखी म्हणून तिचं लुगडं मला नेसवलं. तिचा चेहरा दुसऱ्या दिवशी वेगळा घेणार होते. मला सांगितलं, हाक येईपर्यंत चालायचं, हाक आली की वळायचं. आईचं काम करणाऱ्या बाई तोवर गाडी गाठायला निघून गेल्या होत्या. म्हणून ओट्यावर वाल सोलत बसलेल्या सासूबाईंना पंतांनी विनंती केली की मी खूण केली म्हणजे सुनेला हाक मारा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पंतांना वाटलं, कबूल आहे. तिथेच ते चुकले. आमच्याकडची म्हातारी बाई गप्प बसली म्हणजे तिने नाही म्हटलेलं असतं.

मी निघाले. पंतांनी खूण केली. सासूबाई वाल सोलत राहिल्या. पंतांनी पुन्हा खूण केली, मग हात जोडले. तेव्हा त्या बोलल्या. मी ऐकायला नव्हते, पण पुढचं बोलणं दोघांनीही मला इतक्या वेळा सांगितलं आहे की पाठ झालं आहे.

"जाणाऱ्या बाईला मागून हाक नाय मारायची, बाबा."

"आई, ती कुठे जात नाही. हे सगळं खोटं आहे. सिनेमा आहे."

"जाणं खोटं असेल. पाय तर माझ्या सुनेचेच हायत ना?"

हा वाद चालला आहे आणि तिकडे कॅमेरा फिरतोच आहे, कारण बंद करा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. त्या दिवसांत कोरी फिल्म परवान्यावर मिळायची, तीही जेमतेम. कॅमेरावाल्यांचं तोंड म्हणे पांढरं पडलं होतं. आणि मी आपली चालते आहे. वाडीतलं तळं, ज्याला आम्ही बावखल म्हणतो, ते मागे पडलं, हाक नाही. फाटक आलं, हाक नाही. फाटक उघडून रस्ता ओलांडला आणि समोरच्यांच्या पानवेलीत शिरले. तिथल्या सखूबाई पानं खुडत होत्या. त्यांनी मला वरखाली बघून विचारलं, एवढी नटून कुणाच्या लग्नाला? तेव्हा मी थांबले.

पुन्हा घ्यायला फिल्म नव्हती. पंतांनी होतं ते तसंच लावलं. दादरला पहिल्या खेळाला मी आणि सासूबाई गेलो होतो. पाठ केळींत दिसेनाशी व्हायला लागली तेव्हा शेजारच्या खुर्चीतली अनोळखी बाई आपल्याशीच म्हणाली, अगं, कुणीतरी थांबवा तिला. सासूबाईंनी अंधारात तिच्या हातावर हात ठेवला आणि खेळ संपेपर्यंत काढला नाही. पंत मागे उभे राहून हे बघत होते. पुढे प्रत्येक चित्रपटात पाठ आली ती यामुळे.

आता वादाकडे येते. एका वर्तमानपत्राने लिहिलं की श्रीधरपंतांची पाठ सुरू झाली म्हणजे प्रेक्षकांनी चपला शोधायला हरकत नाही. तेव्हापासून हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. म्हणे पंतांचं सगळं आधीच कळतं, म्हणे तेच ते. मी हे नुसतं वाचलेलं नाही, भोगलेलं आहे. वसईला तंबूत त्यांचा चित्रपट लागला होता. पंत मुद्दाम आले, माझ्या शेजारी बसले. पडद्यावर पाठ आली आणि लोक खरंच खाली वाकले. सगळीकडून चपलांचा खरखर आवाज. पुढून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "चला, बाई निघाली, आपण पण निघू या." तंबू हसला. बाई म्हणजे मी. मी उठून त्याला जाब विचारणार होते, पण पंतांकडे बघितलं. त्यांच्या शेजारचा माणूस बाकाखाली चाचपडत होता आणि पंतांनी आपले दोन्ही पाय जवळ ओढून घेतले होते, त्याला चपला सापडाव्यात म्हणून. ते पाय मी अजून विसरलेले नाही.

तर ज्यांनी ते वाक्य लिहिलं त्यांना मी विचारते. आधी कळतं, कबूल. मग? माझी थोरली सासरी निघाली तेव्हा मांडवात आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की मुलगी निघणार आणि आई रडणार. एकही माणूस म्हणाला नाही की हे मागच्या लग्नातही झालं होतं, काहीतरी नवीन करा. सगळे रडले. त्या लग्नाला पंतही होते. त्यांच्या कॅमेरावाल्यांना त्या निघण्याचं चित्र घ्यायचं होतं. पंतांनी त्यांना पेटी उघडू दिली नाही, आणि स्वतः घरामागे विहिरीकडे निघून गेले. जाणाऱ्यांच्या पाठी सगळ्या महाराष्ट्राला दाखवणाऱ्या माणसाला माझ्या मुलीची पाठ बघवली नाही. पाहुणे गेल्यावर आमच्या घरचे, म्हणजे मुलीचे वडील, मांडवात एकटे बसले होते. पंत येऊन त्यांच्याजवळ बसले. मग दोघांनी उठून मांडवाच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. सगळ्या दोऱ्या सुटेपर्यंत पंत तिथून हलले नाहीत. ज्याला कंटाळा आलेला असतो तो माणूस असं करत नाही.

पंत कधी चुकले नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. समितीला आवडो न आवडो. मधल्या एका चित्रपटात बाई भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाते. तिथेही त्यांनी पाठ घेतली. मी चालले, परत आले आणि तोंडावर सांगितलं, "पंत, ही संध्याकाळी परत येणार आहे. हिला हाक मारावीशी कुणाला वाटेल?"

ते म्हणाले, "लोक आता वाट बघतात, वहिनी."

मी म्हटलं, बघू द्या. त्यांनी ऐकलं नाही. चपला त्या चित्रपटापासून वाजायला लागल्या, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. पाठ जुनी झाली नव्हती. त्या वेळी ओट्यावर हाक गिळून बसलेलं कुणी नव्हतं, एवढंच. बघणाऱ्याच्या घशाशी हाक आली पाहिजे आणि ती मारता येत नाही हे त्याला कळलं पाहिजे. नाहीतर ते नुसतं लुगडं आहे. पुढच्या वर्षी पंत आमच्याकडे जेवायला आले तेव्हा भरल्या पंगतीत म्हणाले की वहिनींचं बरोबर होतं, मी सवयीने घेतली. असं चारचौघांत म्हणणारे मोठे लोक मी फार पाहिलेले नाहीत.

आणि आता या हिवाळ्यातलं. पंतांचा नवा चित्रपट. मुलांनी घराची वाटणी केल्यावर म्हातारी आई आपणहून घर सोडून निघते. माझं वय आता त्या पाठीला शोभतं. पैसा घालणारे शेठ त्या दिवशी स्वतः आले आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या वेळी बाई वळली पाहिजे, डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे, नुसती पाठ दिसली तर पुढचा चित्रपट त्यांच्याकडून नाही. साठीच्या माणसाला दुसरे शेठ कुठून मिळणार? हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पंत सकाळभर पायवाटेवर येरझाऱ्या घालत होते. मग माझ्याजवळ आले.

"वहिनी, या वेळी वळा."

"हाक कोण मारणार?"

सासूबाई आता नाहीत. पंतांनी ओट्याकडे बघितलं. "मीच मारतो," म्हणाले.

अमक्या केळीपाशी वळा असं त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ठरवून वळलेलं माणूस ठरवून वळल्यासारखं दिसतं, असं ते म्हणतात. म्हणून हाक हवीच होती. मला राग आला होता, पण चित्रपट त्यांचा, घर चालवायचं त्यांना. मी वळायचं मनाशी पक्कं केलं आणि निघाले. सगळं लक्ष मागे. बावखल मागे पडलं. केळीची शेवटची रांग गेली. फाटक आलं. मी फाटकाशी जरा घोटाळले, म्हटलं, वय झालं पंतांचं, आवाज पोचत नसेल. काही नाही. फाटक उघडलं, रस्ता ओलांडला, पानवेलीत शिरले. सखूबाई तिथेच होत्या, आता केस पांढरे झालेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज पण नाय मारली?"

परत आले तर पंत ओट्याच्या कडेला उभे. एक हात तोंडापाशी नेलेला, तो तसाच.

"निघेना हो तोंडातून," ते म्हणाले.

शेठ खुर्चीतून उठलेले होते. मला वाटलं, आता ऐकवतील. ते माझ्याकडे नाही, पायवाटेकडे बघत होते. त्यांनी पंतांना विचारलं, "ती म्हातारी परत येते का शेवटी?" पंतांनी मान हलवली, नाही. शेठ कुंपणापाशी गेले, बूट चढवले आणि मोटारीत बसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पुढच्या चित्रपटाचं काय, ते आजही कुणाला ठाऊक नाही. पंतांनी मात्र वळायचं पुन्हा घेतलं नाही. ती पाठ त्यांनी होती तशी लावली आहे. महिनाअखेर चित्रपट लागतो आहे. ज्यांना चपलांची घाई आहे त्यांना माझी एक सूचना आहे. त्या पायात घालूनच बसा. म्हणजे खाली वाकावं लागणार नाही आणि एकदा तरी ते जाणं शेवटपर्यंत बघून होईल.

पंत, आता साठी झाली म्हणून तुम्हाला चहूकडून हाका येतील. थांबा म्हणतील, वळा म्हणतील, आता दुसरं काही दाखवा नाहीतर घरी बसा म्हणतील. खुशाल म्हणोत. तुमचे गुडघे दुखतात ते मला ठाऊक आहे, तेव्हा ओल्या बांधावर पाय जपून टाका, वेळेवर जेवा, रात्रीची जागरणं कमी करा, आणि शंभरीच्या पलीकडे जा. अनवाणीच जा. सासूबाईंच्या जागेवर आता मी वाल सोलत बसलेली असते. या ओट्यावरून तुम्हाला कुणीही हाक मारणार नाही.