उजळलेला फोटो

प्रिय अनय आणि जुई,

एसटी बारामतीच्या स्टँडवर थांबली, तेव्हा मीरामावशीच्या मांडीवरचे खोके बघून कंडक्टरने विचारले, अंडी आहेत का? मंद बल्ब आहेत म्हटल्यावर तो हसला. "मंदच पाहिजे तर विकत कशाला? आमच्याकडं लाइट आपसूक मंद हाय."

तुमची मावशी संग्रहालयांत कोणत्या वस्तूवर किती उजेड पडावा हे ठरवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. निरवांगीच्या विहारात (बौद्ध मंडळींच्या प्रार्थनेच्या जागी) एक लहानसे प्रदर्शन मांडले होते आणि तिथल्या गौतम सरांनी तिला ते बघायला बोलावले होते. मी सोबतीला.

काटेवाडीपर्यंत दुतर्फा ऊस, पुढे हळूहळू उघडी राने. सरांच्या घरी गरम माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) प्यायलो आणि विहारात गेलो.

दारातच मी डोळ्यांवर हात धरला. लग्नाच्या मांडवातले हॅलोजन, तेही वस्तूंपासून हातभर अंतरावर! मीराने एका फोटोच्या काचेला बोट लावले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. तो सरांच्या वडिलांचा फोटो होता. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या त्या माणसाचा हा एकच फोटो, रंगीत. त्यातला चेहरा जवळजवळ कागदाइतका पांढरा पडला होता. 

सरांच्या आई, अनुसयाबाई, मात्र कौतुकाने बघत होत्या. "रानात राबून काळं पडलं व्हतं. हितं आल्यापास्नं कसं उजळल्यात, बघा."

मीराने जपून सांगितले, की हे उजळणे नाही, रंग उडतो आहे. हे दिवे असेच राहिले तर चेहरा पुरता जाईल, आणि गेलेला परत आणता येत नाही. इथे मंद दिवाच हवा.

सरांचा चेहरा कठोर झाला. "मॅडम, वडिलांनी गावाबाहेरच्या अंधारात जन्म काढला. आता तुम्ही म्हणता, त्यांना परत अंधारात ठेवा?"

 

मीराने अनुसयाबाईंची परवानगी घेऊन फ्रेम उघडली. चौकटीखाली बोटभर पट्टी उजेडापासून झाकलेली राहिली होती. तिच्यात त्यांचे कोपर होते, उन्हाने रापलेले, काळेभोर. अनुसयाबाई त्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"ह्यो त्यांचा रंग," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "गौतम, बटन बंद कर. गोरं करून काय करायचं? मला वळखू यायला नको?"

सरांनी हॅलोजन बंद केले. मीराने तिचा बल्ब लावला. आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले, आणि भुवया, मिशी, ओठांची रेघ हळूहळू वर आली.

"हायती अजून," अनुसयाबाई म्हणाल्या. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

घरी पोचले आणि चपला काढायच्या आधी तुम्ही परदेशातून पाठवलेल्या फोटोंपुढे गेले. पश्चिमेच्या खिडकीसमोरची ती भिंत तुम्हाला आठवत असेल. परदेशी हवेने पोरे उजळली, असे मी शेजारी सांगत असे. जुईची फ्रेम उघडली. फोटोत पेरूच्या गरासारखा गुलाबी दिसणारा फ्रॉक चौकटीखालच्या कडेला गडद लाल होता. मी लाल शिवला होता, हेच विसरले होते.

आता तुम्ही दोघे आतल्या बोळात आहात. तिथे गेले की मी जरा थांबते, डोळे सरावू देते. मग तुम्ही दिसता.