सुनंदाचे दोन मासे

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. लेकाला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसले तरी एवढं वगळून बाकीचं सगळं बोलते – जसं काही त्याला कळलंच नसेल. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही समोर बसला असता तर माझी दातखीळ बसली असती.

तसं ऐकायला काहीच नाही. दोन मासे मेले. गोल्डफिश, शेंदरी रंगाचे, वीतभर काचेमागे फिरणारे. माशांचं काय एवढं, असंच म्हणाल ना? मीही स्वतःला हेच म्हणत आले. सात वर्षं म्हणते आहे.

आम्ही नेऱ्याचे. शेत अजून आहे थोडं, पण बांधावर उभं राहिलं की हिंजवडीच्या इमारतीच दिसतात. घरावर आम्ही खोल्या काढल्या आणि आयटीतल्या मुलींना भाड्याने दिल्या. त्यातली एक नोकरी बदलून गेली, तेव्हा तिची माशांची पेटी माझ्याकडे ठेवून गेली. जाण्याआधी दोन दिवस बसून तिने मला सगळं शिकवलं. मला ते जमलं. छानच जमलं – आणि मी त्याचा तोरा मिरवला, हेही सांगून टाकते. आळीतल्या बाया पाहुण्यांना माझी पेटी दाखवायला घेऊन यायच्या आणि मी मास्तरणीसारखी माहिती द्यायचे.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. चुली वेगळ्या, पण अंगण एक, गोठा एक आणि सासू एक. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. सुनंदा लग्न होऊन आली त्या वर्षी म्हशीचं रेडकू गेलं. पुढच्या वर्षी शेळीची दोन करडं गेली, तिने बाटलीने दूध पाजलेली. हगवणीची साथ होती, चार घरची करडं गेली होती. पण आत्याबाई एकदा म्हणाल्या, "हिच्या हाताला जित्राब टिकत न्हाई," आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच. तिने शेण काढायचं, गवत कापून आणायचं, पण धारेला बसायचं नाही. गाय व्याली की गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. वासराला पहिला चीक पाजायचा मान माझा. सुनंदाने स्वतःची मुलगी चांगली धडधाकट वाढवली होती, पण ते कोणी धरतच नव्हतं. मला ते अन्यायाचं वाटत होतं का? वाटत असेल. पण सोयीचंही वाटत होतं.

मग तिच्या मुलीने, वर्षाने, तिला दोन मासे आणून दिले. गोल भांड्यात, खाली निळे खडे. सुनंदा ते भांडं दोन्ही हातांत धरून माझ्या दारात आली. घाबरलेली. म्हणाली, "ताई, मला शिकवा. ह्ये मरता कामा न्हाईत."

मी शिकवलं. सुरुवातीला अगदी मनापासून, त्यात खोट नव्हती. पहिलं म्हणजे ते गोल भांडं बंद कर, वर्षाला दोन फुटी पेटी आणायला सांग. दाणा चिमटीभर, दोन मिनिटांत संपेल एवढाच. हे मासे कायम भुकेले दिसतात, त्यांच्या तोंडाकडे बघून खायला घालू नकोस. पाणी बदलायचं ते पाव पेटी, आठवड्यातून एकदा. आणि नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. पंचायत टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकते, ती माणसाला चालते, माशाला विष. बादली भरून दिवसभर उन्हात उघडी ठेव, मग ओत. फिल्टरमधला स्पंज घाण दिसला तरी नळाखाली धरायचा नाही, पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. ती विचारत होती, का? मी म्हटलं, विरजण आहे ते. त्यातल्या जंतूंवर पाणी टिकतं. विरजणाचं भांडं घासून टाकलंस तर दही कशाचं लावशील?

हे तिला पटलं. तिला माझं सगळंच पटायचं.

दहा महिने तिने ते मासे जपले. एकीला मोठी म्हणायची, दुसरीला बारकी. ती खोलीत आली की दोघी काचेला तोंड लावायच्या. आत्याबाई दुपारच्या त्या पेटीसमोर पाय पसरून बसायला लागल्या. आणि भाद्रपदात एक दिवस, आम्ही तिघी शेंगा फोडत होतो, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "औंदा गाय व्याली की चीक सुनंदाच पाजंल. हात सुदारला तिचा."

सुनंदाच्या हातातली शेंग तशीच राहिली. रडली नाही, पण तिचं तोंड – तसं तोंड मी तिचं लग्नातही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, बरं झालं बाई. तोंडाने म्हटलं. आत माझा नुसता जळफळाट झाला. मान माझा होता, आणि तो तिला मी शिकवलेल्या माशांनी मिळत होता. केवढा क्षुद्र विचार ना? पण आला. आला आणि मी त्याला बसायला पाट दिला.

मग घट बसायचे दिवस आले. आमच्याकडे घटाआधी घरातलं सगळं धुऊन निघतं. गोधड्या, डबे, फडताळं, देवाची भांडी. घरात काही पारोसं ठेवायचं नाही, हा आत्याबाईंचा दंडक. सुनंदा अंगणात आली, पदर खोचलेला, हात साबणाने पांढरे झालेले. मी गोधड्या वाळत घालत होते. तिने विचारलं, "ताई, आत्याबाई म्हणत्यात मासळीची पेटी बी पारोसी नको. पर तुमी तर न्हाई म्हनला हुता. काय करू?"

बघा, तिला आठवत होतं. मी सांगितलेला शब्द न् शब्द तिच्या लक्षात होता. म्हणून तर ती विचारायला आली.

मी म्हटलं, "धू की. एवढे दिवस झाले, आता चालतं. सगळं काढून धू, स्पंजपण."

तिने विचारलं, आणि पाणी? पाणी नळाचंच घेऊ का?

त्या सकाळी नळाला टीसीएलचा इतका वास होता की मी चहाचं पाणी दोनदा उकळलं होतं. मी म्हटलं, "घे नळाचंच." आणि गोधडी झटकली. एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नसेल. घोटाळा झाला, घाईत बोलून गेले, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मला माहीत होतं काय होणार. नाही माहीत, असं कसं म्हणू? मीच तर सगळ्यांना सांगत फिरत होते.

दुसऱ्या माळेला तिने मला बोलावलं. पाणी आरशासारखं स्वच्छ. मासे वर येऊन तोंड उघडत होते, बारकी एका अंगावर कलली होती. अजूनही वेळ होता. माझ्या घरात, वीस पावलांवर, माझी पेटी होती. जुनं पाणी होतं, मुरलेला स्पंज होता. दोघींना उचलून माझ्या पेटीत टाकलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या. मी काचेवर बोट टेकवलं आणि म्हटलं, दाणा बंद ठेव, उद्या बघू.

तिने दाणा बंद ठेवला. मी सांगितलं होतं ना.

बारकी त्याच संध्याकाळी गेली, मोठी चौथ्या माळेला. घरात घट बसलेला आणि पाण्यावर उलटा मासा. आत्याबाई पेटीसमोर उभ्या राहिल्या. मीही होते. त्यांनी विचारलं, काय चुकलं? तेव्हा सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता संपलं. आता ती बोलणार.

ती बोलली. म्हणाली, "चुकलं कायबी न्हाई, आत्याबाई. ताईंनी सांगितल्यापरमानंच केलं समदं."

आत्याबाई म्हणाल्या, "मग हातच तसला हाय."

कळलं ना तुम्हाला? तिचा माझ्यावर जेवढा विश्वास, तेवढी तिची खात्री पक्की. ताईचं चुकत नाही, म्हणजे माझा हातच वाईट. तोंड उघडायला मला केवढी जागा होती! मी फडकं आणून खाली सांडलेलं पाणी पुसायला लागले.

दसरा झाला आणि गाय व्याली. चीक मीच पाजला. सुनंदा गोठ्याबाहेर उभी राहून गूळ, बाजरी हातात देत होती, आणि मी तिला म्हटलं, जरा लांब हो गं, गाय बिचकते. हेही मी म्हटलं.

आत्याबाई जाऊन आता चार वर्षं झाली. गाय विकली, गोठ्याच्या जागी खोल्या निघाल्या. मान गेला, मानाची जागाही गेली. मग तरी सांगायला काय हरकत होती? कितीदा ठरवलं. सुनंदा भाजी निवडत समोर बसलेली असते, मी तोंड उघडते आणि विचारते, मीठ आहे का गं घरात. भेकड आहे मी. दुसरा शब्द नाही.

गेल्या महिन्यात वर्षा बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली, वजन कमी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती. मग एका सकाळी नर्स तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, आजी कोण, घ्या. सुनंदा पुढे झाली. दोन पावलं. आणि तिथेच थांबून तिने दोन्ही हात मागे घेतले, पदराखाली.

"ताई, तुमी घ्या," ती म्हणाली. "लई नाजूक जीव हाय. माजा हात नको."

वर्षा आतून हाक मारत होती, आई, घेतलंस का गं बाळाला? नर्स ताटकळली होती. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. एकच.

मी हात पुढे केले आणि बाळ घेतलं.