डोरीनने किल्ली परत मागितली

डोरीन मेटकाफला कुणाला नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. इंग्लंडातल्या स्किप्टन गावच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर फायदाही सगळ्यांनीच घेतला. चर्चच्या विक्रीत उरलेले केक तिच्याच गळ्यात पडायचे. सुट्टीला जाणाऱ्यांची मांजरं तिच्याच घरी मुक्कामाला यायची. दुकानात कुणी तिच्या पायावर पाय दिला तरी ‘सॉरी’ हीच म्हणायची.

अशा बाईवर एकटीने कॅरॅव्हॅन विकायची पाळी आली.

कॅरॅव्हॅन तिच्या नवऱ्याची, नॉर्मनची. म्हणजे दोघांची, पण मोटारीमागे जोडून ती ओढायचा नॉर्मन. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, त्यामुळे हे चाकांवरचं घर त्याच्या हातात निमूट वळायचं. फाइली गावचा समुद्र, स्कॉटलंडची तळी, वेल्समधला न थांबणारा पाऊस, सगळं त्यांनी त्याच छोट्या खिडकीतून पाहिलं होतं. मग मार्चमध्ये नॉर्मन जिन्यावरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, काठी धरून चार पावलं टाकायलाही लागला, पण जिना आता त्याच्या नशिबात नव्हता. रुग्णालयातल्या बाईंनी गोड शब्दांत स्पष्ट सांगितलं, खाली न्हाणीघर असेल तर घरी सोडू, नाहीतर शुश्रूषागृहात जागा बघावी लागेल.

खाली न्हाणीघर बांधायला मिस्त्रीने जो आकडा सांगितला, तेवढाच कॅरॅव्हॅनचा येईल असं दिसत होतं. मिस्त्री सोमवारी यायचा होता आणि सामानासाठी निम्मे पैसे त्याला आधी हवे होते. नॉर्मनला घरी आणायचं तर कॅरॅव्हॅन जायला हवी, इतकं ते सरळ होतं.

जाहिरात दिल्यावर पहिला फोन आला तो एका भलत्याच मधाळ माणसाचा. गाडी न बघताच घेतो म्हणाला. वर मागितल्यापेक्षा हजार पौंड जास्तीचा चेक पाठवतो, न्यायला माझा माणूस येईल, जास्तीचे हजार तेवढे त्याच्या हातात रोख द्या. डोरीनला वाटलं, किती भला माणूस! संध्याकाळी रुग्णालयात तिने नॉर्मनला हे कौतुकाने सांगितलं, तर तो पलंगावर ताडकन उठायला गेला आणि कळवळून परत आडवा झाला.

‘‘अगं बये, तो चेक आठवड्याने परत येईल! तोवर गाडीही गेली आणि तुझे हजारही गेले!’’

‘‘आवाजावरून तसा वाटला नाही रे.’’

‘‘आवाजावरून! डोरीन, माझ्याकडे बघ. पैसे आपल्या खात्यात आले हे आपल्या बँकेने सांगितल्याशिवाय किल्ली हातातून सोडायची नाही. त्याच्या फोनवर काय दिसतं ते बघायचं नाही. त्याने दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्या कार्डामागचा नंबर लावायचा. शपथ घे.’’

डोरीनने शपथ घेतली. पण आमच्या लोकांत समोरच्यावर अविश्वास दाखवणं म्हणजे भर रस्त्यात कपडे उतरवण्यासारखं, हे नॉर्मनलाही माहीत होतंच.

शुक्रवारी दुपारी जाहिरात वाचून क्रेग आणि त्याची बायको जोडी आले, थेट लांबच्या स्टोकहून. क्रेग भिंतींना गिलावा करणारा, नखांत अजून पांढरं अडकलेलं. जोडीला सातवा महिना. बाळाला समुद्र दाखवायचा, आणि हॉटेलं आपल्याला परवडायची नाहीत, म्हणून दोन वर्षं पैसे साठवत होते. डोरीनने विकणाऱ्याने सांगू नयेत अशा सगळ्या गोष्टी आधी सांगितल्या. फ्रिजचं दार गुडघ्याने लोटावं लागतं, छताची खिडकी वाऱ्याला शिट्टी वाजवते. क्रेगने भिंती दाबून ओल पाहिली, खिडकीच्या काचेवर कोरलेला गाडीचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहिला. मग तो चाचरत म्हणाला, ‘‘किमतीत काही थोडं...’’ त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिने दोनशे कमी केले.

जोडी पलंगावर बसली आणि उठायलाच तयार होईना.

‘‘अहो मेटकाफबाई, ही गादी तर आमच्या घरच्यापेक्षा मऊ आहे!’’

‘‘डोरीन म्हण गं बाळा. आणि खिडकीकडच्या बाजूला झोप, तिथे पाठीला बरं पडतं.’’

स्वयंपाकघरात चहा झाला. क्रेगने आधी एक पौंड पाठवला, खात्याचा नंबर बरोबर आहे ना ते बघायला. डोरीनने कार्डामागचा नंबर लावला. यंत्रातल्या बाईने शिल्लक सांगितली आणि त्यात तो एक पौंड खरंच आला होता. क्रेगने उरलेली रक्कम पाठवली आणि फोन तिच्यापुढे धरला. हिरवी खूण, खाली ‘पाठवले’. पौंड आला म्हणजे बाकीचे येणारच की. त्या हसऱ्या पोरांसमोर पुन्हा फोन लावणं तिच्या जिवावर आलं. गाडी हलू न देणाऱ्या चाकाच्या कुलपाची आणि दाराची किल्ली एकाच कडीत होती. तिने ती कडी क्रेगच्या हातात दिली. तो मोटार मागे घ्यायला बाहेर गेला.

तेव्हा तिला शपथ आठवली. भांडी आवरायचं निमित्त करून तिने फोन लावला. यंत्रातल्या बाईने मघाचीच शिल्लक सांगितली. पुन्हा लावला, तीच शिल्लक. खिडकीतून दिसत होतं, क्रेग मोटारीतून उतरून चाकाशी वाकला होता.

आता हिच्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसायचं आणि नॉर्मनचं घरी येणं त्या हिरव्या खुणेवर सोडायचं, किंवा बाहेर जाऊन एका भल्या दिसणाऱ्या पोराला तोंडावर सांगायचं की दिलेली किल्ली परत दे. हे लिहिताना सोपं वाटतं. मी डोरीनला ओळखतो, तिला शेजाऱ्याने नेलेली शिडी सहा वर्षांत परत मागता आली नव्हती.

ती गेली. हातात भांडी पुसायचं फडकं तसंच होतं.

‘‘सॉरी हं. खूप सॉरी. क्रेग, बाळा, सॉरी. ती किल्ली मला परत हवी.’’

क्रेग उभा राहिला. ‘‘काय झालं?’’

‘‘पैसे आले नाहीत.’’

‘‘पण तुम्ही पाहिलेत! माझ्या खात्यातून गेले!’’

‘‘तुझ्यातून गेले असतील रे. माझ्यात आले नाहीत.’’

क्रेगचे कान लाल झाले. ‘‘मी काय चोर वाटलो तुम्हाला?’’

डोरीनचे डोळे भरले, पण हात पुढेच राहिला. ‘‘नाही वाटलास. पण माझा नवरा या पैशांवर घरी येणार आहे. तू चांगला असशील, नक्कीच असशील, पण मला किल्ली दे.’’

जोडी दारात येऊन उभी होती. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘‘क्रेग, दे ती किल्ली. माझ्या आईने असं केलं असतं ना, तर मी तिचा मुका घेतला असता.’’

किल्ली परत आली. मग क्रेगने त्याच्या बँकेला फोन लावला आणि अर्धा तास फोनवरची वाजंत्री ऐकत अंगणात फेऱ्या मारल्या. शेवटी कुणीतरी माणूस बोलला. रक्कम मोठी, डोरीनचं खातं त्यांना नवं, म्हणून त्यांनी पैसे तपासणीसाठी अडवून धरले होते. बहुधा उद्या सकाळी सुटतील. बहुधा! क्रेग पायरीवर मटकन बसला. पैसे त्याच्या खात्यात नव्हते, हिच्याही खात्यात नव्हते, आणि गाडी अजून डोरीनची होती. आता घाबरायची पाळी त्याची होती.

डोरीनला ते दिसलं. मघाशी पोरगं रागावलं होतं, आता ओठ चावत होतं. दोन वर्षांचे पैसे असे हवेत लटकलेले पाहून कुणाचं काळीज थाऱ्यावर राहील? ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

‘‘मी कुठे पळून जाणार आहे? या वयात?’’

क्रेगला हसू आलं. ‘‘तुमचं काय सांगावं. किल्ल्या हिसकावता तुम्ही.’’

‘‘रात्रीचं काय करणार?’’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. परत स्टोकला जाऊन यायचं तर जोडीची पाठ सांगत होती नको, आणि शनिवार-रविवारच्या तोंडावर गावातली खोली मिळाली तरी त्यांच्या खिशाला झेपणार नव्हती.

‘‘मग कॅरॅव्हॅनमध्येच झोपा की!’’ डोरीन म्हणाली.

कडीतून दाराची किल्ली काढून तिने जोडीला दिली. चाकाच्या कुलपाची मात्र एप्रनच्या खिशात टाकली, आणि या वेळी सॉरी म्हणाली नाही. मग घरातून धुतलेल्या चादरी नेल्या, गॅस लावून दिला, भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याचं भांडं अर्धं त्यांना वाढून दिलं. सातला नॉर्मनला फोन करून तिने सगळं सांगितलं.

‘‘म्हणजे ज्याने अजून पैसे दिले नाहीत, तो आपल्या गाडीत झोपलाय?’’

‘‘जेवलाय पण.’’

‘‘चाकाचं कुलूप?’’

‘‘लावलंय. किल्ली माझ्याकडे. मी परत मागून घेतली, नॉर्मन.’’

‘‘तू? परत मागितलीस?’’ नॉर्मन खुदकन हसला. मग म्हणाला, ‘‘त्यांना गरम पाण्याची बाटली दे. पहाटे तिथे गार पडतं.’’

सकाळी चहाचं आधण ठेवायच्याही आधी तिने फोन लावला. यंत्रातल्या बाईने आकडा सांगितला. डोरीनने तिला तो पुन्हा सांगायला लावला, आणि मग तिसऱ्यांदा, नुसता ऐकायला बरा वाटला म्हणून. मग यंत्रावर भरवसा नको म्हणून माणसाशी बोलून घेतलं. पैसे आले होते, पक्के आले होते.

ती तशीच झगा सावरत अंगणात धावली. कॅरॅव्हॅनच्या दाराच्या मुठीवर हात गेला आणि थांबला. अठरा वर्षं ती हे दार ढकलून आत शिरत होती. ओले बूट काढत, नॉर्मनवर ओरडत, कधी हातात मासे घेऊन. आता आत दुसऱ्या कुणाचा तरी संसार झोपला होता. तिला फार वाईट वाटलं, तिथेच उभी राहून ती थोडी रडली. मग तिने झग्याच्या बाहीने डोळे पुसले आणि बोटांनी दारावर टकटक केलं.

‘‘या ना आत!’’ जोडीचा आवाज आला. ‘‘चहा टाकलाय. बसा, पाहुण्यांनी काही करायचं नाही.’’

डोरीन पाहुण्यासारखी कडेला बसली. नोंदणीच्या कागदावर सही करून तिने तो टेबलावर ठेवला, त्यावर चाकाच्या कुलपाची किल्ली ठेवली. क्रेगने ती लगेच उचलली नाही. त्याने आधी तिचा हात धरला.

गाडी जोडून झाल्यावर मागचे दिवे तपासायला ती नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. ‘‘डावा! उजवा! ब्रेक!’’ तिन्ही लागले. जोडीने खिडकीतून हात हलवला आणि कॅरॅव्हॅन चर्चच्या कोपऱ्यावरून वळून गेली.

डोरीनने रुग्णालयात फोन लावला.

‘‘आले?’’ नॉर्मन म्हणाला.

‘‘आले. बँकेने सांगितलं. यंत्राला विचारलं, माणसालाही विचारलं.’’

‘‘आणि ती... गेली?’’

‘‘गेली. छान वळली.’’

पलीकडे तो नाक ओढत होता. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘‘बघू आता. मला कधी सोडायचं ते इथले लोक ठरवतील. तू फार आशा धरू नकोस.’’

‘‘त्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे,’’ डोरीन म्हणाली. ‘‘सोमवारी मिस्त्री येतोय. तू घरी यायचं आहेस, नॉर्मन. मी विचारत नाहीये.’’