होताईंनी विचारलेला प्रश्न

नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशी बसणाऱ्या बाईंना सगळे होताई म्हणत. कोणी काही सांगायचा अवकाश, यांचं "हो" तयार. सुट्टीच्या दिवशी येता का? हो. शेजारच्या टेबलाचं काम उरकता का? हो. 'नाही' म्हणायचं बिचारीच्या जिवावरच यायचं. आणि साहेबांना तर त्या कचेरीत कोणीच उलट विचारत नसे. विचारलं की त्यांचा पारा चढे.

म्हणून साहेबांच्या नावाने मेल आला, 'सोबतची फाईल ताबडतोब उघडा', तेव्हा होताईंनी ती उघडली. बघता बघता पडद्यावरच्या सगळ्या फायलींची नावं बदलली आणि एकही उघडेना.

निवृत्ती तोंडावर आलेली. आयुष्यभर जपलेलं नाव मातीत जाणार होतं. गुपचूप चहाला निघून गेल्या असत्या, तर सगळ्यांचेच कॉम्प्युटर बंद पडले असते आणि सुरुवात कुठून झाली ते कोणी विचारलंही नसतं. त्या उठून दारापर्यंत गेल्याही. समोर पाणीपुरवठ्याच्या खोलीत माणसं माना खाली घालून काम करत होती. हे दुखणं आता तिकडे जाणार, एवढं त्यांना कळलं. त्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दादांकडे वळल्या.

"दादा, माझ्या हातून भलतंच काहीतरी उघडलं गेलंय."

दादांनी आधी खोल्याखोल्यांना जोडणाऱ्या वायरी उपटल्या. बाकीच्या खोल्या वाचल्या. होताईंच्या नोंदी मात्र गेल्या, कारण जपून ठेवलेली प्रत फार जुनी होती. मधलं सगळं कागदांवरून पुन्हा भरायचं होतं.

साहेब गरजले, "तो मेल मी पाठवलाच नव्हता! उघडण्याआधी मला विचारायचं नाही का?"

"नाही साहेब," होताई म्हणाल्या. "तुम्हाला विचारलेलं कधी चाललंय?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला.

त्यानंतर प्रत रोज काढायचं ठरलं, आणि साहेबांच्या नावाने काही आलं की त्यांनाच विचारून खात्री करायची, असंही ठरलं. ठरलं खरं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? पुढचा मेल आला तेव्हा सगळ्यांनी होताईंकडे पाहिलं. त्या पदर सावरत साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, हा मेल तुमचाच ना?"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मग ती हळूहळू विरली.

"हो, ताई," ते म्हणाले.