वेणीमाधवरावांनी केबल सोडली त्याची गोष्ट

वेणीमाधवरावांनी केबल कशी सोडली, हे आमच्या इंदिरानगरात अजूनही सांगितलं जातं, आणि जो तो ते आपल्या पद्धतीने सांगतो. मी त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. त्यांच्या हॉलमध्ये खिडकीजवळची खुर्ची माझी ठरलेली आहे. त्यामुळे जे झालं ते माझ्यासमोर झालं.

वेणीमाधवराव मूळचे पंचवटीतले. वडील आणि चुलते रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. यांनी मात्र पाटबंधारे खात्यात नोकरी धरली. त्याचं कारण ते स्वतःच सांगतात: विधी सकाळी असतात आणि कसोटी सामनेही सकाळीच सुरू होतात. सरकारी कचेरीत तशी अडचण येत नाही. हातात बॅट घेतलेले वेणीमाधवराव कोणी पाहिलेले नाहीत. पण बघण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कॉलनीतली पहिली केबल त्यांनी घेतली. तेव्हा रंगनाथ नावाचा काटकुळा तरुण खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन गच्चीगच्चीवर चढायचा. आज रंगनाथचं पोट सुटलंय, केस रंगवलेले असतात आणि निम्म्या इंदिरानगरात त्याचीच केबल आहे. पण वेणीमाधवरावांचा फोन गेला की तो अजूनही स्वतः येतो.

तो रविवार होता. पाहुणा संघ आला होता, नाणेफेक आपण जिंकली होती आणि श्यामलावहिनींनी पोह्यांच्या बशा हातात दिल्या होत्या. आम्ही चौघे बसलो होतो. जाहिरात संपली आणि पडदा निळा झाला. त्यावर लिहून आलं, ‘ही वाहिनी सध्या उपलब्ध नाही. कृपया आपल्या केबलचालकाशी संपर्क साधा.’

वेणीमाधवरावांनी रिमोट आपटून पाहिला. मग त्यातल्या बॅटऱ्या फिरवून पाहिल्या. पुढची वाहिनी लागली, त्याच्या पुढचीही लागली. साबण विकणाऱ्या, देवांच्या, बातम्यांच्या, सगळ्या होत्या. खेळाच्या तेवढ्या नव्हत्या.

“रंगनाथ, अरे मॅच गेली!”

“काका, सगळ्यांचीच गेली. वरच्या कंपनीचं आणि चॅनलवाल्यांचं भांडण चालूय. रेट वाढवलेत त्यांनी. आमच्या हातात काय नाही.”

“मग आम्ही काय बघायचं?”

रंगनाथने थोडा विचार करून सांगितलं, “शेतीचं एक चांगलं चॅनल आलंय नवीन.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या सभेला सहा माणसं येतात. या सभेला खुर्च्या कमी पडल्या. दुसऱ्या मजल्यावरची तेजश्री घरूनच एका कंपनीचं काम करते. तिने समजावून सांगितलं की आता केबल हवीच कशाला, इंटरनेट घ्या, टीव्हीवर ॲप टाका, सगळे सामने दिसतील.

“ॲप म्हणजे मोबाइलवरचं?” वेणीमाधवरावांनी विचारलं.

“टीव्हीवर पण चालतं काका.”

“आणि नेट गेलं तर?”

“आता केबल गेलीच आहे की.”

वेणीमाधवरावांच्या बरोबर वर राहणारा मयुरेश म्हणाला, गच्चीवर डिशची छत्री लावा, माझ्याकडे आहे, मस्त दिसतं. त्यावर वेणीमाधवराव उभे राहिले आणि छोटं भाषणच केलं. ज्या माणसाने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भर पावसात आपल्या गच्चीवर उभं राहून हाताने वायर धरून ठेवली, त्या माणसाला आपण एका भांडणासाठी सोडणार का? आधी त्याच्याकडे शिष्टमंडळ जाईल, त्याला खडसावेल, आणि वाहिन्या परत आणायला लावेल. टाळ्या पडल्या. माणसाशी निष्ठा ठेवून त्यालाच खडसवायला जायचं, हे कोणाला खटकलं नाही.

पुढचा सामना होता त्याच दुपारी शिष्टमंडळ निघालं. रंगनाथ पाथर्डी फाट्याजवळ राहतो. पुढे दुकान, मागे घर. वेणीमाधवरावांनी वाटेत रिक्षातच बोलायचे मुद्दे ठरवले होते. दुकानात कोणी नव्हतं. आतून आवाज येत होता, आणि तो आवाज आम्हा चौघांनाही चांगला ओळखीचा होता. समालोचक ओरडत होता.

आत रंगनाथची बायको उज्वला आणि मुलगी आशा लसूण सोलत बसल्या होत्या. समोर तांदळाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. त्यावर मॅच चालू होती.

“रंगनाथ!” वेणीमाधवरावांचा आवाज चढला. “ग्राहकांना निळा पडदा, आणि स्वतःच्या घरात मॅच?”

रंगनाथ आतून टॉवेलने तोंड पुसत आला. तो जराही ओशाळला नाही. “मग काय करणार काका? आमच्याकडे पण केबलच आहे ना. आम्हाला तरी कुठून दिसणार?”

वेणीमाधवराव पुढचा मुद्दा काढणार, तेवढ्यात आशा ओरडली, “गेला, गेला, गेला!” आणि चेंडू सीमारेषेपलीकडे पडला. शिष्टमंडळ आपोआप सतरंजीवर बसलं. उज्वलाने चहा ठेवला. त्या एवढ्याशा पडद्यावर चेंडू दिसत नव्हता, खेळाडूंचे चेहरे दिसत नव्हते, पण डावाचा शेवट होईपर्यंत कोणी उठलं नाही. मध्ये वेणीमाधवरावांनी दोन पाकळ्या लसूणही सोलला. उठताना त्यांना आपण कशाला आलो होतो ते आठवलं.

“पण मग आता करायचं काय?”

“नेट घ्या काका,” रंगनाथ म्हणाला. “माझंच आहे. लय फास्ट. केबलची वायर येते ना, तिच्याच बाजूने दुसरी वायर टाकतो. पोरं उद्या येतील.”

“म्हणजे तुला सोडून जायचं ते तुझ्याकडेच?”

“तसंच काहीतरी.”

परत येताना सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा वेणीमाधवराव म्हणाले, “कालवा तोच, फक्त पाणी दुसऱ्या धरणाचं.” खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला तेवढं समाधान पुरलं.

नवा टीव्ही आला. तो इतका मोठा होता की भिंतीवरची वडिलांची तसबीर स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकवावी लागली. जुना टीव्ही बेडरूममध्ये गेला. त्याची केबल वेणीमाधवरावांनी बंद केली नाही, कारण बंद करायला सांगितलं तर रंगनाथला वाईट वाटेल. तेजश्रीने ॲप टाकून दिलं, आणि पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर बसलो. चित्र असं स्वच्छ होतं की खेळपट्टीवरच्या भेगा मोजाव्यात. वेणीमाधवरावांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू ॲप त्यांनीच शोधून काढलं होतं.

तेवढ्यात वरून मयुरेशची आरोळी आली, “आऊट!”

आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पँटवर घासत मागे चालला होता.

“काहीतरी भलतंच बघतोय तो,” वेणीमाधवराव म्हणाले. गोलंदाज वळला, धावला, त्याने चेंडू टाकला आणि फलंदाज आऊट झाला.

इंटरनेटवरून येणारं चित्र छत्रीपेक्षा मागे असतं, हे तेजश्रीने सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. मयुरेशचा आनंद आमच्याकडे छतातून गळत होता. त्याची खुर्ची सरकली की चौकार, उडी पडली की षटकार, आणि वर सामसूम झाली की आपला एक जण गेला. वेणीमाधवरावांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या पंचांग उघडून लोकांना पुढचं सांगायची रीत. आता त्यांच्याच हॉलमध्ये पुढचं वरून कळायला लागलं, आणि तेही नको असताना.

ते जिना चढून मयुरेशकडे गेले. मी बरोबर होतो.

“अरे, जरा ओरडू नकोस.”

“काका, मॅच बघताना ओरडायचं नाही?”

“ओरड की. फक्त थोडं थांबून ओरड.”

मयुरेश सालस मुलगा. त्याने मनापासून प्रयत्न केला. पण दाबून ठेवलेली आरोळी बाहेर येईपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असायचा. त्यामुळे आपला फलंदाज आऊट झाल्यावर तो आधीच्या चौकाराचा जल्लोष करायचा आणि आम्हाला वाटायचं, पंचांनी निर्णय बदलला की काय. शेवटी त्याची बायकोच खाली निरोप घेऊन आली की यांना डॉक्टरांनी ताण घेऊ नका म्हणून सांगितलंय, आता जे होईल ते होऊ द्या.

या सगळ्यात श्यामलावहिनींकडे कोणाचं लक्ष नव्हतं. क्रिकेट चालू असताना त्या चहा आणायच्या, पोहे आणायच्या आणि आत जायच्या. लग्न झाल्यापासून हेच चालत आलं होतं. पण एका संध्याकाळी मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो तर हॉलमध्ये वहिनी, तेजश्री आणि शेजारच्या दोघी बसल्या होत्या. पडद्यावर कबड्डी चालू होती. वेणीमाधवराव दारात उभे होते, परक्याच्या घरी आल्यासारखे.

“अरे धर! घोट्याला धर त्याला!” वहिनी ओरडल्या. तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. “गेला. हल्लीची मुलं कमरेलाच मिठ्या मारायला जातात.”

“काकू, तुम्हाला कसं कळतं हे?” तेजश्रीने विचारलं.

वहिनी सायखेड्याच्या. शाळेत असताना त्या मुलींच्या संघात होत्या, निफाडला तालुक्याच्या स्पर्धेत खेळल्या होत्या आणि जिल्ह्यापर्यंत गेल्या होत्या. गोदेकाठच्या वाळूत गुडघे फुटेपर्यंत सराव करायच्या. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. वेणीमाधवरावांनाही त्याच दिवशी कळलं.

“अगं, मला कधी बोलली नाहीस?”

“बघायला आलात तेव्हा बाबांनी बजावलं होतं, कबड्डीचं बोलू नकोस, भरतकामाचं बोल. मग तुम्हीच म्हणालात की मला खेळाची फार आवड आहे. मला वाटलं, चला, खेळणारा माणूस आहे. म्हणून तर हो म्हटलं.” वहिनींचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. “बघणारा आहे, हे लग्नानंतर समजलं.”

तेजश्रीला हसू आवरेना. वेणीमाधवराव माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही बोलणार होतो.

यथावकाश वरच्या कंपनीचं आणि चॅनलवाल्यांचं भांडण मिटलं. कोण जिंकलं ते आम्हाला कळलं नाही, पण बिल वाढलं त्याअर्थी आम्ही हरलो होतो. खेळाच्या वाहिन्या केबलवर परत आल्या. आणि वेणीमाधवरावांच्या लक्षात आलं की बेडरूममधल्या जुन्या टीव्हीवर चेंडू मयुरेशच्या आरोळीबरोबरच पडतो. तेव्हापासून ते क्रिकेट तिथेच बघतात. खोलीत पलंग, कपाट आणि इस्त्रीचे कपडे. त्यात आम्हा तिघांच्या खुर्च्या मावत नाहीत. मग आम्ही पलंगावर ओळीने बसतो, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. नेट आणि केबल दोन्ही रंगनाथचंच आहे. तो परवा दुकानात म्हणाला, “काकांसारखी निष्ठा आता कोणात राहिली नाही.”

हॉलचा मोठा टीव्ही वहिनींकडे गेला. कबड्डीचा मोसम आला की इमारतीतल्या बायका तिथे जमतात. मागच्या आठवड्यात आमच्या मॅचमध्ये चहापान झालं, म्हणून आम्ही हॉलमध्ये डोकावलो. चढाई करणारा गडी मध्यरेषेजवळ घुटमळून परत फिरला तर वहिनी चिडल्या.

“आता का चिडतेस? सुखरूप आला की,” वेणीमाधवराव म्हणाले.

“चढाई धरायला आधी निदानरेषा ओलांडायला नको का?”

“ती कुठली?”

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग उठल्या, पदर खोचला आणि फरशीच्या सांध्यावर अंगठा टेकवून म्हणाल्या, “ही मध्यरेषा धरा. तुम्ही तिकडे उभे राहा, सोफ्याजवळ. आणि गुडघे वाकवा जरा.”

आत मॅच पुन्हा सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. वरून मयुरेशची खुर्चीही सरकली. वेणीमाधवराव मात्र गुडघे वाकवून सोफ्याजवळ उभे होते आणि वहिनी ‘कबड्डी कबड्डी’चा दम घुमवत त्यांच्या दिशेने निघाल्या होत्या.