डिसेंबरात कायदा बंद असतो

शिताओ गावात सूचीनचा टोफू चांगला आणि तोंड वाईट, असं लोक म्हणत. दोन्ही खरं होतं. कुआंग सूचीन एकविसाव्या वर्षी लग्न करून शेजारच्या गावी गेली, त्रेचाळिसाव्या वर्षी काडीमोड घेऊन माहेरी परतली आणि सोयाबीन दळून पोट भरू लागली. परतली हा तिचा शब्द. गावाच्या मते दिलेली लेक म्हणजे दाराबाहेर ओतलेलं पाणी. गेल्या वर्षी अठ्ठावीस डिसेंबरला ग्रामसभेत हात वर झाले आणि जमिनीच्या नव्या वाटपातून अशा सगळ्या लेकी वगळल्या गेल्या. तिच्या सख्ख्या भावाला वर्षभर खांदा उचलता येत नव्हता. त्या दिवशी आला.

असा ठराव कोर्टात रद्द करून घेता येतो, फक्त वर्षाच्या आत दावा दाखल व्हायला हवा. हे सूचीनने गावातल्या भिंतीवर रंगवलेल्या कलमांतच वाचलं होतं. गावाला ‘कायद्याचं आदर्श गाव’ अशी पितळी पाटी मिळाल्यापासून इथल्या भिंतींना कायदा पाठ होता, माणसांचं तेवढं राहिलं होतं.

ऑक्टोबरात ती तालुक्याच्या कोर्टात गेली, तेव्हा आधी समजुतीने मिटवून पाहा म्हणून परत पाठवलं. डिसेंबरात गेली, तर खिडकीतल्या मुलीने जानेवारीत या म्हटलं. वर्षभरात नोंदलेल्या खटल्यांपैकी किती निकाली निघाले, यावर कोर्टाला गुण मिळतात. डिसेंबरात आलेला खटला वर्षअखेर लोंबकळत राहतो आणि गुण खातो. म्हणून तो येतच नाही. खिडकीच्या वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : अर्ज आला की नोंद झालीच पाहिजे. सूचीनने वर बोट दाखवलं. मुलीने वर पाहिलंसुद्धा नाही.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना तालुक्याच्या न्याय कचेरीतला गोंग देमाओ तिच्या ओसरीवर आला, हातात धुण्याच्या पावडरचं पाकीट आणि छापील उत्तरांचा एक कागद घेऊन. लोक कायद्यावर किती समाधानी आहेत, हे प्रांतातून फोन करून विचारत होते. फोन कुणाला जाणार ती यादी गुप्त असते, म्हणून ती गोंगकडे होती. यंदा कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारणार होते. गेल्या वर्षी एक म्हातारा ‘ठीक आहे’ म्हणाला होता आणि तेवढ्यावर तालुका क्रमवारीत तळाला गेला होता.

“ताई, सोपं आहे,” गोंग म्हणाला. “चारही प्रश्नांना ‘अतिशय समाधानी’ म्हणायचं. नुसतं ‘समाधानी’ नको.”

“आधी दाव्याची पावती.”

“माझ्या हातात असतं तर...”

“तुमच्या हातात पावडर आहे, साहेब. ती वहिनींना द्या. पावती नसेल तर मी फोनवर खरं बोलेन, तेही सावकाश, लिहून घेणाऱ्याची घाई होऊ नये म्हणून.”

इतकी वर्षं गोंग लोकांना कायदा समजावत आला होता, पण कुणाला तो समजला आहे असं पहिल्यांदाच दिसत होतं. मग त्याने तिचा अर्ज मागून घेतला आणि स्कूटर काढली. दोन महिने जी खिडकी उघडत नव्हती ती त्याच्यासाठी दुपारच्या जेवणाआधी उघडली. तो पावती घेऊन आला. तारीख डिसेंबरचीच होती, खाली लाल शिक्का.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सूचीन शब्दाला पक्की होती. शिळा टोफू ताजा म्हणून विकणारे ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात तिने चार वेळा ‘अतिशय समाधानी’ म्हटलं. मग पलीकडच्या मुलीने विचारलं, काही सूचना आहे का?

“त्याचं उत्तर कागदावर नाही,” सूचीन म्हणाली.

“हो, सकाळपासून कुणाच्याच कागदावर नाही,” मुलगी म्हणाली. “मी ‘नाही’ लिहिते.”

सूचीनने फोन ठेवला आणि पावतीवरचा क्रमांक पुन्हा एकदा वाचला. या लोकांकडून मिळालेली ही पहिली गोष्ट, जिच्यावर तिचा विश्वास होता; कारण ती त्यांना द्यायची नव्हती.